मदत हवी आहे: स्कर्टिंग आणि दाराची मोल्डिंग, कोपरे जुळतच नाहीत

रिकामा_पेच: जुनं स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाची पट्टी, काढून नवीन लावतोय. ४५ अंशात नीट कापलं तरी कोपऱ्यात फट राहते. खाली जुळवलं की वर उघडतं, वर जुळवलं की खाली. दाराच्या चौकटीभोवतीच्या मोल्डिंगचंही तेच रडगाणं. कापून कापून पट्टी तोकडी होत चालली आहे. लवकर सांगा. 'सुतार बोलवा' हा सल्ला नको.

उंबरठा: पट्टी कशाची? लाकूड, एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाची फळी), पीव्हीसी? कोपरा आतला की बाहेरचा? खाली फरशी की लॅमिनेट? फोटो कुठाय?

ठोकळा: आधी काटकोन तपासायचा गुण्या लावून बघा. भिंतीचा कोपरा बरोब्बर ९० क्वचितच असतो. ८८ भरला तर दोन्हीकडे ४४-४४ कापायचं.

आडवी_करवत: आतल्या कोपऱ्याला ४५ कापायचंच कशाला? एक पट्टी सरळ भिंतीपर्यंत न्या. दुसरीच्या टोकाला पहिलीच्या नक्षीचा आकार कापून तिच्यावर बसवा. कोपरा ८८ असो की ९२, सांधा मिटतो. मी कायम असंच करते.

ठोकळा: नवख्या माणसाला नक्षी कापायला लावताय! फटीत सीलंट भरा, वरून रंग मारा. पलंगामागे कोण वाकून बघतंय?

आडवी_करवत: सिलिकॉन भरलं तर रंग धरणारच नाही. अॅक्रिलिक म्हणायचंय का तुम्हाला? आणि पट्टी पॉलिशची असली तर?

ठोकळा: अॅक्रिलिकच. सगळंच फोडून सांगायचं का?

गंजका_खिळा: दार कुरकुरत असेल तर बिजागरीत खाण्याचं तेल घालू नका, चिकट होऊन धूळ धरतं. पेन्सिलचं शिसं घासा.

रिकामा_पेच: दार कुरकुरत नाहीये हो. एमडीएफ आहे, रंगवायचंय, कोपरे आतले, खाली फरशी. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीची पट्टी फुगली होती म्हणून तर सगळं काढलं.

उंबरठा: हे आता सांगताय? एमडीएफ पाण्याशिवाय फुगत नाही. ओल न शोधता नवीन लावली तर तीही फुगेल. प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून २४ तास भिंतीवर चिकटवा. भिंतीच्या बाजूने थेंब आले तर ओल आतून येतेय. तिथे पीव्हीसी लावली तर पट्टी टिकेल, भिंत नाही.

रिकामा_पेच: ते नंतर बघतो. कोपऱ्याचं बोला.

आडवी_करवत: खाली मिटतं आणि वर उघडतं म्हणजे कोन चुकलेला नाही, पट्टीच उभी टेकलेली नाही. कापणं थांबवा. पट्टीमागे, फरशीलगत बोट फिरवा. जुन्या गोंदाचा किंवा सिमेंटचा गोळा लागेल. पटाशीने उडवा आणि मग कोरडीच लावून बघा.

उंबरठा: +१. आणि मोल्डिंग आधी, स्कर्टिंग नंतर, कारण स्कर्टिंग मोल्डिंगला येऊन टेकतं. मोल्डिंग जाडीला जास्त हवी, नाहीतर स्कर्टिंगचं टोक बाहेर डोकावतं. मोल्डिंगची पट्टी चौकटीच्या दाराकडच्या कडेपासून ४-५ मिमी मागे, भिंतीकडे सरकवून लावा, म्हणजे चौकटीचा वाकडेपणा डोळ्यात येत नाही. कोन मोजायचाच नाही. उभी आणि आडवी पट्टी जागेवर एकमेकींवर ठेवा, जिथे कडा छेदतात तिथे आत-बाहेर खुणा करा. खुणा जोडणारी रेघ हाच काप.

वाळवीग्रस्त: मी तर सगळं लाकूडच काढून टाकलं, टाइलचं स्कर्टिंग लावलं. सुखी आहे.

ठोकळा: त्यांच्या पट्ट्या आणून झाल्यात. धागा तरी वाचा.

रिकामा_पेच: गोळा निघाला, बराच मोठा. वरची फट आता जेमतेम दिसते. आकाराने कापायची करवत नाही, हॅकसॉचं नुसतं पातं चालेल?

आडवी_करवत: एमडीएफला चालेल. आधी ४५ कापा, मग त्या कडेवर दिसणाऱ्या रेषेवरून, पातं मागच्या बाजूला तिरकं धरून. उरलेलं कानशीने. कापलेल्या कडेला लावण्याआधी प्रायमर मारा, पाणी तिथूनच शिरतं.

उंबरठा: आणि प्लॅस्टिक आज रात्रीच चिकटवा हो.