पात्यांचा साठा: मूळ पाकिटं ठेवायची की फेकायची?

रिकामा_खण

मंडळी, सेफ्टी रेझर वापरणाऱ्याच्या घरात एक गोष्ट हटकून सापडते, ती म्हणजे गरजेपेक्षा जास्त पाती. पाच पाती आणायला जावं आणि शंभराचा पॅक घेऊन यावं. मग 'अमक्याची धार बरी असते म्हणे' म्हणून आणखी एक. माझ्याकडे सध्या सहा प्रकारची मिळून चारशेच्या आसपास पाती आहेत. परवापर्यंत ती तीन खणांत, एका बुटांच्या खोक्यात आणि (कबूल करायला लाज वाटते) प्रवासाच्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात विखुरलेली होती.

रविवारी बैठक मारली आणि सगळी एकत्र आणली. माझं मत सरळ आहे. बाहेरचं खोकं, पुठ्ठ्याचं कार्ड, प्लास्टिकचं वेष्टण, सगळं फेकून द्या. शंभराच्या पॅकमध्ये असतं काय? एक पातं ०.१ मिलिमीटर जाड. शंभर पाती एकावर एक रचली तर भरतं जेमतेम एक सेंटीमीटर! बाकी नुसता पुठ्ठा आणि हवा. मी पाच-पाच पात्यांच्या डब्या कार्डावरून सोडवल्या आणि घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्यात वाचनालयातल्या कार्डांसारख्या उभ्या लावल्या. मध्ये जाड कागदाचे दुभाजक, त्यावर नावं, कोपऱ्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्या. काय संपत आलंय ते एका नजरेत कळतं. डबा बाथरूममधल्या आरशामागच्या कपाटात अगदी मापात बसला.

तुम्ही कसं ठेवता? आणि कोणी अजून ती खोकी जपत असेल तर का, हेही सांगा.

मेणकागद

रचना सुरेख. जागा चुकली.

'स्टेनलेस' म्हणजे गंजच न लागणारं, असं आपण धरून चालतो. पात्याच्या पोलादात साधारण १३ टक्के क्रोमियम असतं हे खरं. पण धार टिकावी म्हणून त्यात कार्बनही बराच असतो. त्यातला काही क्रोमियम कार्बनशी बांधला जातो आणि गंजाला अडवायला तेवढा कमी उरतो. त्यामुळे घरातला स्टीलचा चमचा जे सोसतो ते पातं सोसत नाही. शिवाय चमच्यावर डाग पडला तर घासून टाकता येतो. धारेवर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका पडला की ते पातं गेलं.

मी असाच डबा केला होता, असाच बाथरूममध्ये. सात-आठ महिन्यांनी एक पातं काढलं तर आतला कागद त्याला चिकटलेला. हलकेच सोडवला, तर धारेच्या काठाशी तीन तपकिरी ठिपके. 'एवढ्याने काय होतंय' म्हणून लावलं. हनुवटीने पुढचे दोन दिवस मला विसरू दिलं नाही.

रिकामा_खण

अहो पण डबा हवाबंद आहे आणि सिलिका जेल आहे. तुमच्या डब्यात जेल होतं का?

मेणकागद

होतं. तीच तर गंमत आहे. हवाबंद डबा बाहेरची दमट हवा आत येऊ देत नाही, तशी आत शिरलेली बाहेरही जाऊ देत नाही. गरम पाण्याने आंघोळ झाली, आरसा धुकटला, तुम्ही झाकण उघडून पातं काढलं आणि पुन्हा झाकण लावलं. आत काय कोंडलंत? वाफ. रात्री गारवा आला की तीच हवा थंड धातूवर ओल सोडते. सिलिका जेल भरपूर दमट हवेत स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं पाणी ओढतं, पण एकदा भरलं की ती नुसती खड्यांची पुरचुंडी. रंग बदलणारे खडे असतील तर निदान कळतं तरी. साध्या पांढऱ्या पुड्या बघून काहीच समजत नाही.

तोळामासा

दोघांचंही चाललंय ते छान चाललंय, पण मूळ प्रश्नाला कोणी हात लावेना. चारशे पाती कशाला??

एका पात्यात पाच दाढ्या धरू. रोज केली तरी वर्षाला ७३ पाती लागतात. चारशे म्हणजे साडेपाच वर्षांची बेगमी. मध्ये दाढी ठेवावीशी वाटली तर संपलंच! दहा-वीस पाती आणा, वापरा, संपत आली की पुन्हा आणा. ना डबा, ना दुभाजक, ना जेल. साठवण सुंदर करायच्या नादात आपण साठवणीचं कारण शोधत असतो. बुटांच्या खोक्यात पाती होती म्हणे. बूट कुठे होते?

रिकामा_खण

बूट पायात होते. 😀

जुनाट_रेझर

तोळामासा, तुमचा हिशेब बरोबर, पण निष्कर्ष पटला नाही. पातं काही दूध नव्हे नासायला. ते पडून बोथट होत नाही, वापरून होतं. २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिलंय. केस पोलादापेक्षा जवळपास पन्नास पट मऊ असतो, तरी केस कापताना धारेचे बारीक टवके उडतात. नुसतं झिजून गोल होणं वेगळं आणि हे वेगळं. कोरड्या कागदात पडलेल्या पात्याला केस भेटतच नाही, तर टवका उडणार कसा? ओल सांभाळली की काम झालं.

आणि साठा करायला सबळ कारण आहे. एखाद्याच्या कातडीला एकच पातं मानवतं. नेमकं तेच मिळेनासं होतं, किंवा नाव तेच राहतं आणि पातं बदलतं. हे ज्याच्या वाट्याला आलंय तो दोनशे पाती बाजूला ठेवणारच.

मात्र मूळ खोकी फेकू नयेत या मताचा मी आहे. जिलेटला पेटंट मिळालं १९०४ साली. तेव्हापासून दोन धारांचं पातं कागदात गुंडाळूनच येतंय, आणि ते उगाच नाही. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला विल्किन्सन सोर्डची स्टेनलेस पाती गाजली, तोवर बहुतेक पाती साध्या कार्बन पोलादाची असत. ओला हात लागला की गंज. मेणकागद, त्यावर छापील कागद, त्यावर डबी, त्यावर खोकं, हे चार अंगरखे होते. माझ्याकडे कार्बन पात्यांची जुनी, न फोडलेली डबी आहे. मागे त्यातलं एक उघडलं, आरशासारखं निघालं. त्याच डबीतलं दुसरं पातं कागद काढून तसंच टेबलावर ठेवलं. आठवड्यात तांबूस पडलं.

रिकामा_खण

पण मी आतला कागद कुठे काढतोय? डबीही तशीच आहे. फक्त बाहेरचं कार्ड आणि खोकं फेकलं. चारपैकी तीन अंगरखे अंगावर आहेत की हो!

जुनाट_रेझर

हं. हे मी नीट वाचलं नव्हतं. तिथे माघार. तरी खोक्यावरचा बॅच नंबर तेवढा दुभाजकावर उतरवून ठेवा. उद्या एकाच नावाच्या दोन पात्यांत फरक जाणवला तर हाताशी काहीतरी हवं. आणि नवी डबी मागे, जुनी पुढे.

कात्रणवेडी

दाढीचा आणि माझा संबंध नाही. कागदाचं कोरीवकाम करते, त्यामुळे महिन्याला मूठभर पाती लागतात. जे करून पस्तावले ते सांगते. भिंतीवर चुंबकाची पट्टी लावली आणि पाती कागद काढून तिला चिकटवली. दिसायला काय देखणं! पण एक काढायला गेलं की शेजारचं सोबत यायचं, धारेवर धार घासायची, आणि वेगळी करताना बोटं नेमकी तिथेच जायची. दुसऱ्याच दिवशी अंगठ्याला काप गेला. रक्त दिसेपर्यंत कळलंही नाही, इतका सफाईदार. चुंबक आता एवढ्याचसाठी आहे की पातं मोडलं तर जमिनीवरचे तुकडे गोळा करता यावेत.

सुटं पातं कुठेही नको. वाटीत नको, पेनांच्या डबीत नको, 'दोन मिनिटांसाठी' टेबलाच्या कडेला तर नकोच नको.

मेणकागद

याला हजार वेळा अनुमोदन.

दोन_पोरांची_आई

तुमचा पारदर्शक डबा वाचून मला घामच फुटला. रंगीत कागद, छोट्या छोट्या डब्या, ओळीने लावलेल्या. चार वर्षांच्या मुलाला हे काय दिसणार? खेळ! आरशामागच्या कपाटाला कडी आहे का? आमच्या धाकट्याने स्टूल ओढून वरचा कप्पा गाठायला मला कळायच्या आधीच सुरुवात केली होती. डबा अपारदर्शक हवा, उंचावर हवा आणि कुलपात हवा. एका नजरेत काय दिसायचं ते तुम्हाला दिसू दे, घरातल्या सगळ्यांना नको.

आणि इतके प्रतिसाद झाले, वापरलेल्या पात्यांचं काय करता हे एकानेही लिहिलेलं नाही. नव्या पात्याला तीन अंगरखे. जुनं जातं कुठे?

तोळामासा

कागदात गुंडाळून कचऱ्यात. आणखी कुठे?

दोन_पोरांची_आई

आणि ती पिशवी उचलणाऱ्याचा हात? पातं ओल्या कचऱ्यात पडतं, कागद भिजून सुटतो आणि पिशवी दाबली की धार बाहेर. तुम्हाला ते कधी दिसत नाही, कारण तोवर पिशवी तुमच्या दारातून गेलेली असते.

तोळामासा

...मान्य. याचा विचार केला नव्हता.

जुनाट_रेझर

अवांतर, पण राहवत नाही. गेल्या शतकाच्या मधल्या काळात अमेरिकेतल्या घरांत बाथरूमच्या आरशामागच्या कपाटातच एक बारीक फट ठेवलेली असे. वापरलेलं पातं तिच्यातून आत सरकवायचं, ते भिंतीच्या पोकळीत पडायचं. पुढे काय, तर काही नाही! आज त्या घरांची डागडुजी करताना भिंत फोडली की गंजक्या पात्यांचा ढीग खाली येतो. नीटनेटकेपणाचा हा एक नमुनाच म्हणायचा. आपल्या नजरेआड केलं, नातवाच्या डोक्यावर ठेवलं.

काही पात्यांच्या प्लास्टिकच्या डबीला मागच्या बाजूने जुन्या पात्यांसाठी कप्पा असतो. तो वापरा. अर्थात कागदी डबी असेल तर ती सोयही नाही.

कात्रणवेडी

त्या कप्प्याचा मला वाईट अनुभव. ओलं पातं मागे सरकवलं तर पाणी डबीतच राहतं आणि पुढची नवी पाती त्याच डबीत असतात. पुसून टाकावं तर पुसताना बोट. पातं आखूड टोकांना धरून झटकायचं, कोरडं होऊ द्यायचं आणि मगच आत टाकायचं. धार कधीच पुसायची नाही.

मी पत्र्याच्या बंद डब्याला वरून चीर पाडून घेतली आहे. झाकण उघडतच नाही, असा डबा. एका पात्याचं वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे लहानसा डबाही वर्षानुवर्षं पुरतो. भरला की चिरेवर मजबूत चिकटपट्टी आणि चारही बाजूंनी ठळक अक्षरांत 'आत धारदार पाती'. मग तो धातूच्या भंगारात घेतात की वेगळा द्यावा लागतो हे आपापल्या ठिकाणी विचारायचं.

रिकामा_खण

धागा काढला होता खोकी फेकण्यावर, आता मीच उलटा तपासला जातोय. असो. काल रात्री हे केलं.

डबा बाथरूममधून काढला. झोपायच्या खोलीतल्या कपाटात वरच्या कप्प्यात गेला, किल्ली माझ्याकडे. पारदर्शक डब्याला आतून जाड कागद लावला. नावं आता फक्त झाकण काढल्यावर दिसतात, यावर घरातून 'मग एवढा खटाटोप कशाला' अशी टिप्पणी आली. बाथरूममध्ये एकच डबी, पाच पात्यांची. म्हणजे मोठा डबा महिन्यातून एकदाच उघडेल, तोही कोरड्या दिवशी. साध्या पुड्या काढून रंग बदलणारे खडे टाकले.

खोक्यांच्या बाबतीत मात्र मी हललेलो नाही. कार्ड आणि खोकी गेली ती गेली. जुनाट_रेझर यांच्या सांगण्यावरून बॅच नंबर शोधायला रद्दी उपसली, सहापैकी चारांचेच मिळाले.

मेणकागद

एक पातं उघडून पाहिलंत का? बाथरूममध्ये किती दिवस होता डबा?

रिकामा_खण

चारच दिवस. तीन वेगवेगळ्या डब्यांतून एकेक उघडलं, स्वच्छ आहेत. पण प्रवासाच्या बॅगेत जी डबी होती तिच्यातली दोन गेली. कागदावर तांबूस रेघ उमटलीय, बरोबर धारेच्या लांबीची. बॅगेत कधीतरी ओला टॉवेल कोंबला असणार. तिथे ना खोक्याचा दोष, ना डब्याचा.

ती दोन टाकायला आता चिरेचा डबा हवा. कात्रणवेडी, चीर केवढी ठेवलीत?

कात्रणवेडी

पातं ४३ मिलिमीटर लांब आणि २२ रुंद असतं. बोटांत एक आखूड टोक धरायचं आणि दुसरं आखूड टोक आधी आत जाऊ द्यायचं, म्हणजे धारेला हात लागत नाही. त्या हिशेबाने २५ मिलिमीटर लांब पुरे, रुंदी दोन. याहून मोठी पाडू नका, डबा उलटला तर बाहेर येतात. आणि चीर पाडताना हातमोजे घाला, पत्र्याची कड पात्याहून वाईट कापते.