अनुभव धागा: मनाच्या आजारात कोकणात मदत कुठून मिळाली?

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत राहणाऱ्या, किंवा ज्यांची जिवाभावाची माणसे तिथे आहेत अशा सर्वांना विनंती आहे की, मनाच्या आजारात मदत नेमकी कोणत्या दारातून मिळाली ते इथे लिहावे. कोणी सुचवले, सोबत कोण गेले, केसपेपर कुठे काढला, औषधे कुठून आणता, हा तपशील हवा आहे, कारण आपल्याकडे गाडे तिथेच अडते. रत्नागिरीत शासनाचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ठाणे, पुणे आणि नागपूर इथल्या रुग्णालयांच्या पंक्तीतले ते चौथे. जिल्हा रुग्णालयांत मनोविकारतज्ज्ञ असतात आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमही चालतो. तरीही कोणत्या दिवशी कोणाला भेटायचे हे वाडीत क्वचितच कोणाला ठाऊक असते आणि ज्यांना ठाऊक असते ते चारचौघांत बोलत नाहीत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता आणि त्यांतल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. म्हणून हे बोलणे गरजेचे आहे.

रुग्णांची, डॉक्टरांची आणि गावांची नावे कृपया लिहू नयेत, तालुका पुरेसा आहे. गोळ्यांचे डोसही देऊ नयेत.

देवगड तालुका, बहीण

माझ्या धाकट्या भावाला बायपोलर आजार आहे, म्हणजे मन कधी टोकाच्या उत्साहात तर कधी टोकाच्या उदासीत जाते. आंब्याचा हंगाम ऐन भरात असताना तो रात्र रात्र जागून पेट्या भरू लागला, ओळखदेख नसलेल्या व्यापाऱ्यांना उधारीवर माल देऊ लागला, आणि घरच्यांना वाटले की पोरगा अखेर कामाला लागला. पाऊस सुरू झाल्यावर तोच भाऊ पडवीतल्या बाकड्यावरून उठेना. आईने देवळात गाऱ्हाणे घातले, कौल घेतला. त्या वेळी आमच्या गुरवकाकांनीच मला बाजूला घेऊन सांगितले, "देवाचा काय ता मी बघतंय, तू भावाक आधी डॉक्टराक दाखय." त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही, कारण त्यांच्या तोंडून आल्यामुळेच आईने ते ऐकले.

आम्ही रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात गेलो. त्या नावाची जेवढी धास्ती होती, तसे तिथे काही नव्हते: खिडकीवर केसपेपर, मग रांग, मग डॉक्टर. त्यांनी भावाशी वेगळे आणि माझ्याशी वेगळे बोलून घेतले. दाखल करण्याची गरज पडली नाही. लिथियम हे औषध सुरू झाले आणि त्याबरोबर रक्तातील लिथियमची पातळी, थायरॉइड आणि मूत्रपिंड यांच्या नियमित तपासण्याही आल्या. वैशाखाच्या उन्हात कलमांमध्ये घाम गाळणाऱ्या माणसाच्या अंगातले पाणी कमी झाले की ही पातळी धोकादायक होऊ शकते, हे आम्हाला नीट समजावून सांगण्यात आले. त्यामुळे पाण्याची कळशी आता पेट्यांच्या शेजारीच असते, जेवणातले मीठ एकाएकी कमी केले जात नाही, आणि अंगदुखीची गोळी मेडिकलमधून परस्पर आणली जात नाही, कारण काही वेदनाशामकांमुळेही लिथियम वाढते. हात जास्त थरथरू लागले, जुलाब झाले किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा असे घरात सर्वांना सांगून ठेवले आहे.

*(धागाकर्त्याची जोड: दाखल होण्याच्या भीतीने अनेकजण ओपीडीपर्यंतही जात नाहीत, म्हणून हे लिहितो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार रुग्ण स्वतःच्या इच्छेने दाखल होऊ शकतो, आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी आधीच नेमून ठेवू शकतो, आणि रुग्णाला साखळदंडाने बांधणे या कायद्याने निषिद्ध आहे. आरोग्य विमा शारीरिक आजारासाठी जसा मिळतो तसाच मानसिक आजारासाठीही मिळाला पाहिजे, असेही त्यात म्हटले आहे. घरातली विम्याची पॉलिसी वाचून बघा.)*

चिपळूण, दुकानदार गृहिणी

जुलै २०२१ च्या पुरात आमचे बाजारातले दुकान पोटमाळ्यापर्यंत बुडाले. चिखल काढणे, पंचनामा, कर्ज या धावपळीत रडायलाही सवड नव्हती. त्रास सुरू झाला तो पुढच्या पावसाळ्यांत. सरी जोरात कोसळू लागल्या की छाती धडधडायची, मी रात्री उठून वाशिष्ठी नदीच्या पाण्याचे संदेश आणि भरतीची वेळ पाहत बसायचे, कागदपत्रांची पिशवी सतत दाराशी असायची. ईसीजी व्यवस्थित आला आणि "मनावर घेऊ नका" असे सांगून मला घरी पाठवण्यात आले. मनावर घेऊ नये हे मलाही कळत होते.

मग भाचीने १४४१६ हा टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक दिला. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास आहे, विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येते. घरात सर्वांच्या देखत बोलवेना म्हणून मी मागच्या परसात जाऊन फोन केला. पलीकडच्या समुपदेशक बाईंनी झोप आणि भूक यांविषयी विचारले, जीव नकोसा होतो का हेही सरळ विचारले, आणि कोणीतरी ते विचारल्याने मला धक्का न बसता हायसेच वाटले. मोठ्या आपत्तीनंतर असे होऊ शकते आणि त्यावर उपचार आहेत हे त्यांनी सांगितले, आणि पुढे जिल्हा रुग्णालयात जाण्याचा सल्ला दिला. तिथल्या समुपदेशनाने झोप परत आली. आता मे महिन्यात आमच्या आळीतल्या बायका मिळून सर्वांच्या दुकानांतला माल वर चढवतो आणि त्या कामाच्या निमित्ताने पुराविषयी मोकळेपणी बोलतो. याला कोणी गट म्हणत नाही, पण माझ्यासाठी तो गटच आहे.

*(धागाकर्ता: जीव देण्याचे विचार येत असतील तर हा धागा वाचत बसू नका, आत्ताच १४४१६ ला फोन करा आणि घरातल्या कोणाला तरी जवळ बोलवा. जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२.)*

दापोली तालुका, मच्छीमार

मी बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख आहे. जून आणि जुलैमध्ये मासेमारी बंद असते, हातात काम नसते, आणि माझी दारू त्या दोन महिन्यांत वाढत वाढत वर्षभराची झाली. घरच्यांनी काकुळतीला येऊन मला खोलीत कोंडले आणि दारू एकदम तोडली. दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागले, भिंतीवर किडे चालताना दिसू लागले आणि नंतर मला फिट आली. ही गोष्ट मी मुद्दाम लिहीत आहे: रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकाएकी बंद केली तर जिवावर बेतू शकते. आधी रुग्णालय गाठावे. मला तिथे थायमिनची इंजेक्शने आणि झटके थांबवणारी औषधे दिली, आणि शरीर दारूतून बाहेर आले.

मन बाहेर यायला अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची मदत झाली. मुंबईच्या मेव्हण्याने मला पहिल्यांदा मीटिंगला नेले. तिथे फी नाही, अर्ज नाही, आडनाव कोणी विचारत नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट आहे. एकेकजण उठून स्वतःविषयी बोलतो, मध्ये कोणी टोकत नाही आणि उपदेशही करत नाही. गावाकडे परतल्यावर जवळपास समूह नव्हता, तेव्हा फोनवरच्या मीटिंगने मला तगवले. बायको अल-अनॉन या कुटुंबीयांच्या गटाशी जोडली गेली, आणि माझ्या मते आमचा संसार वाचण्यात तिच्या त्या बैठकांचा वाटा माझ्यापेक्षा मोठा आहे. ज्याला राहून उपचार हवे असतील त्याला पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. आमच्या बंदरावरचा एक खलाशी तिथे राहून आला आणि आज बोटीवर माझ्या शेजारी काम करतो.

श्रीवर्धन तालुका, शिक्षिका

बाळंतपणासाठी मी माहेरी आले होते. शेक, धुरी, डिंकाचे लाडू, सगळे कौतुक चालू होते आणि मला बाळाकडे पाहवत नव्हते. पहिल्या काही दिवसांतले रडू बहुतेकींना येते आणि आपोआप जाते. दोन आठवड्यांनंतरही ते राहिले, अपराधी वाटू लागले, बाळ झोपले तरी आपल्याला झोप येईना, तर तो आजार असू शकतो, हे मला आशाताईंकडून कळले. बाळाला पाहायला आशा सेविका बेचाळीस दिवसांपर्यंत ठरावीक दिवशी घरी येतात. आमच्या आशाताई बाळाचे वजन करताना माझ्याकडे पाहत होत्या. त्यांनी आईला काही न बोलता चहा करायला पाठवले आणि मग मला विचारले. त्यांनीच आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांशी बोलून आम्हाला अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात पाठवले. अंगावर पाजत असताना घेता येतील अशी औषधे असतात, त्यासाठी दूध तोडावे लागत नाही. डॉक्टरांना मात्र पाजत असल्याचे आधी सांगावे. परिणाम दिसायला काही आठवडे गेले.

गुहागर तालुका, मुंबईस्थित मुलगा

आई गेल्यावर गावी एकटे राहिलेले बाबा जेवणाखाण्यात लक्ष देईनासे झाले. आम्ही ते वयावर घालत होतो. तालुक्याच्या डॉक्टरांनी थायरॉइड आणि बी-१२ तपासून घेतले, मग नैराश्याचे औषध सुरू केले. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय हेल्पलाइनचाही आम्हाला उपयोग झाला. गणपती आणि शिमग्यापुरते जाणाऱ्या माझ्यासारख्यांनी आधीमधीही फोनवर "जेवलात का" याच्या पुढचे चार प्रश्न विचारावेत.

सावंतवाडी, शुभंकर आई

देवगडच्या ताईंच्या अनुभवाला जोडून लिहिते. माझ्या मुलाला स्किझोफ्रेनिया आहे. अशा रुग्णाला आम्ही शुभार्थी म्हणतो आणि त्याची काळजी घेणाऱ्या घरच्यांना शुभंकर. आम्हाला रत्नागिरीपेक्षा गोवा जवळ, म्हणून बांबोळीच्या मनोविकार संस्थेत जाणे सोयीचे पडले. राज्याबाहेरच्या रुग्णांचे नियम मात्र जाण्यापूर्वी विचारून घ्यावेत. औषधाने आवाज ऐकू येणे कमी झाले, पण दिवसभर घरात बसलेल्या तरुण मुलाचे पुढे काय, याचे उत्तर गोळीत नव्हते. ते मला इतर आयांकडून मिळाले. पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनमुळे आणि ठाण्याच्या मानसिक आरोग्य संस्थेमुळे मराठीत शुभंकरांचे स्वमदत गट रुजले आहेत. अशा एका गटाच्या ऑनलाइन बैठकीला मी बसू लागले. औषध नको म्हणणाऱ्या शुभार्थीशी वाद न घालता कसे बोलावे, त्याला सकाळचे एकच छोटे काम कसे द्यावे, हे मी तिथे शिकले. मुलगा आता रोज सुपारी सोलून वाळत घालतो.

अपंगत्व प्रमाणपत्राविषयीही तिथेच कळले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे, आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असल्यास सवलती मिळतात. तपासणी शासकीय रुग्णालयात होते. प्रमाणपत्र काढले म्हणून मुलाच्या कपाळावर शिक्का बसत नाही, हे घरच्यांना पटवायला वेळ लागला.

सावंतवाडी आणि कुडाळच्या काही कुटुंबांनी आता प्रत्यक्ष भेटायला सुरुवात केली आहे. जागा एका कुटुंबाच्या घराची ओसरी, आणि बाहेर कोणी विचारले तर भजनाची बैठक असे सांगतो. ते सांगावे लागू नये अशी माझी फार इच्छा आहे. जवळपासच्या कोणाला यायचे असेल तर धागाकर्त्यांना कळवावे, ते आमच्यापर्यंत निरोप पोहोचवतील.

*(धागाकर्ता: निरोप नक्की पोहोचवीन. मंडणगड, लांजा, राजापूर, वैभववाडी आणि म्हसळा या तालुक्यांतून अजून एकही अनुभव आलेला नाही. तिथल्या ग्रामीण रुग्णालयांत मनोविकारतज्ज्ञ कोणत्या दिवशी येतात, एवढे कोणी खात्रीने सांगितले तरी ते या धाग्याच्या सुरुवातीला जोडून ठेवीन.)*