बेटावर एकट्यानं अडकलात कधी? अनुभव लिहा

सोनटक्का

आज पहाटे भाचीला विमानतळावर सोडून आले. एकटीच अंदमानला निघालीय, आठ दिवसांसाठी. आत गेल्यावर तिनं काचेपलीकडून हात केला आणि माझ्या डोळ्यांपुढे २०१६चा डिसेंबर उभा राहिला. घरी येऊन झोप लागेना, म्हणून लिहितेय.

तेव्हा मीही एकटीच गेले होते. नोटाबंदीला महिना होत आला होता. पाकिटात दोन हजारांच्या चार नोटा आणि शंभराच्या अकरा. ४ तारखेला हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप) उतरले, राधानगरच्या किनाऱ्यावर संध्याकाळभर बसले. दुसऱ्या दिवशी पाऊस लागला तो थांबेचना. मंगळवारी परतीच्या बोटीसाठी धक्क्यावर गेले तर फाटक बंद. बोटी रद्द. कधी सुरू होणार ते कुणालाच सांगता येईना. वीज गेली, फोनची रेंज गेली. बेटावर आमच्यासारखे हजाराच्या वर लोक अडकलेले.

खोलीचे दोनच रात्रींचे पैसे भरलेले होते. पुढचे रोख हवे होते, आणि दोन हजारांचे सुटे साऱ्या बाजारात कुणाकडे नव्हते. शंभराच्या नोटा ओलसर होऊन एकमेकींना चिकटलेल्या. त्या गादीवर मांडून मी सकाळी एकदा मोजायची, रात्री एकदा. बुधवारी दुपारी तीन उरल्या.

३ नंबरच्या बाजारात (तिथं गावांना नंबरच आहेत) एका बंगाली बाईंची पत्र्याची खानावळ होती. नुसत्या डाळ-भाताचे किती, असं मी विचारलं. त्यांनी माझ्या हातातल्या नोटांकडे पाहिलं, "रख लो" म्हणाल्या आणि पूर्ण ताट वाढलं. मग तेलाचे डाग पडलेली शाळेची वही काढून माझं नाव विचारलं आणि बंगालीत लिहून घेतलं. म्हणाल्या, माझ्या सासऱ्यांना पूर्व बंगालमधून आणून इथं उतरवलं तेव्हा त्यांच्याही हातात काही नव्हतं. तीन दिवस तिथंच जेवले.

९ तारखेला समुद्र जरा निवळला. नौदल, तटरक्षक दल, हेलिकॉप्टरं, सगळे धावून आले आणि आम्हाला पोर्ट ब्लेअरला हलवलं. निघताना इतकी घाई झाली की वहीतला हिशेब तसाच राहिला. ७८० रुपये. माझं परतीचं विमान १२ तारखेचं, चेन्नईमार्गे. आणि तेच वादळ 'वरदा' नाव घेऊन नेमकं १२ तारखेलाच चेन्नईवर आदळलं! तिथला विमानतळ बंद. आणखी दोन दिवस अडकले.

पुण्यात पोचल्यावर पहिलं काम केलं ते मनीऑर्डरचं. पोचपावती अजून कपाटात आहे. त्यांची सही बंगालीत.

तुमचंही लिहा. अंदमानच हवं असं नाही, कुठलंही बेट चालेल.

जास्वंदी

वाचून डोळ्यांत पाणी आलं गं. पोटभर जेवू घालणारं माणूस परक्या ठिकाणी भेटणं म्हणजे पुण्याईच. आता डबे भरायचेत, नंतर सविस्तर लिहिते.

रानमेवा

आम्ही तेव्हा नीलवर होतो!!! त्याच आठवड्यात! मी एकटी नव्हते, सासू-सासरे बरोबर. सासऱ्यांची बीपीची गोळी संपली होती. शेजारच्या खोलीतल्या नागपूरच्या काकांकडे नेमकी तीच गोळी निघाली, त्यांनी अर्धी पट्टी कापून दिली. ते काका एकटेच आले होते, बायको गेल्यानंतरचा पहिला प्रवास. दर डिसेंबरला अजून फोन करतात.

सोनटक्का

@रानमेवा अगं काय सांगतेस! म्हणजे मधे एवढंसं पाणी आणि दोघी दोन बेटांवर!

ओवी_७८

माझं बालीचं. मार्च २०२३. स्वस्त तिकीट मिळालं म्हणून गेले, तिथलं पंचांग बघावं हे डोक्यातच आलं नाही. २१ तारखेला संध्याकाळी रस्त्यावर राक्षसांचे अवाढव्य पुतळे खांद्यावर घेऊन मिरवणूक, ढोल, गर्दी. मला वाटलं काय सुंदर गाव आहे. रात्री राहत्या घरच्या आजी खुणेनं सांगतायत, उद्या बाहेर नाही, दिवा नाही. मला काही उमगलं नाही.

सकाळी उठले तर सगळं बेट गप्प. न्येपी होतं ते, त्यांचं नववर्ष. सकाळी ६ ते दुसऱ्या सकाळी ६ कुणी घराबाहेर पडायचं नाही, विमानतळसुद्धा बंद. दुकानं बंद, मोबाइलचं इंटरनेट बंद. माझ्याकडे एक बिस्किटचा पुडा आणि अर्धी बाटली पाणी. फाटकापर्यंत गेले तर चौकटीचं लुगडं नेसलेला पहारेकरी, त्यानं हात जोडून आत पाठवलं.

आणि त्या दिवशी इथं गुढीपाडवा! आईला सकाळी व्हिडिओ कॉल करते म्हणून कबूल केलं होतं. ती बिचारी दिवसभर फोन घेऊन बसलेली, रात्री भावाला म्हणाली वकिलातीचा नंबर शोध.

आजींनी आदल्या दिवशीच भात करून ठेवला होता. त्यांचा स्वतःचा उपास, तरी केळीच्या पानात बांधून माझ्या दाराशी ठेवून गेल्या. मी पाच इंचांची गुढी नेली होती, ती खिडकीत उभी केली. आजी पाहून गेल्या, नंतर एक फूल आणून तिच्यापाशी ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नातवानं सांगितलं, आमचं शक १९४५ लागलं. मी म्हटलं, आमचंही! शक १९४५! अंगावर काटा आला माझ्या.

आणि त्या रात्रीचं आकाश. बेटावर एक दिवा नाही. तेवढे तारे मी आयुष्यात पाहिले नव्हते.

चैत्रपालवी

@ओवी_७८ शक तोच?? हे माहीतच नव्हतं. दरवर्षी एकाच दिवशी येतं का?

ओवी_७८

नाही, दरवर्षी नाही. २०२५ला एक दिवस आधी आलं, २०२४ला तर महिनाभर आधी. त्यांचा अधिक महिन्याचा हिशेब वेगळा असावा. जाणार असशील तर आधी तारीख बघ, मगच तिकीट काढ.

खाडीकाठ

एकट्यानं अंदमानला जाणाऱ्यांनी अंधाराचं लक्षात ठेवा. घड्याळ आपलंच, पण सूर्य आपला नाही. मुंबईपेक्षा साधारण २० रेखांश पूर्वेला, एका रेखांशाला ४ मिनिटं, म्हणजे सव्वा तासाहून जास्त फरक. मी जानेवारीत सायकल भाड्यानं घेऊन कालापत्थरच्या किनाऱ्यावर गेलो होतो. पाच वाजता म्हटलं अजून अर्धा-पाऊण तास बसू. साडेपाच होऊन गेल्यावर उठलो, तोवर पार काळोख. सायकलला दिवा नाही, रस्त्याच्या एका बाजूला झाडी, दुसऱ्या बाजूला लाटांचा आवाज. फोनची बॅटरी तोंडात धरून सायकल हाकली. वळणावर खड्ड्यात गेलो, गुडघा फुटला. मागून सुपारीची पोती घेऊन एक टेम्पो आला, त्यानं सायकलसकट उचललं. पोत्यांवर बसून गावात आलो. पैसे घेतले नाहीत, वर घरी नेऊन गुडघ्याला हळद लावली.

नाना_गुहागर

मी कोकणातला. भरतीचं गणित आम्हाला लहानपणी शिकवलेलं असतं, तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर तीनला पूर्ण भरती, पुनवेला-अवसेला बाराच्या सुमाराला. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. वयाच्या ६१व्या वर्षी एकटाच नीलला गेलो. लक्ष्मणपूरला समुद्रात खडकाची नैसर्गिक कमान आहे, तिथं ओहोटीलाच चालत जाता येतं. पौर्णिमा होती. म्हटलं सकाळी सहाला सुकती असणार, कुणाला विचारायचं काय. गेलो. कमानीपाशी पोचलो आणि पाहतो तर पाणी उतरत नव्हतं, चढत होतं. परत येताना पोटऱ्यांपर्यंत पाणी, खाली धारदार प्रवाळ, पायात रबरी चपला. एक चपल गेली. तळवा चिरला तो असा की अजून थंडीत ठणकतो.

नंतर तिथल्या एका मच्छीमारानं समजावलं की त्यांच्याकडे पुनवेची भरती आपल्यापेक्षा बरीच आधी येते. पाऊणपटीचं गणित आपल्या किनाऱ्याचं, ते तिथं लावायचं नाही. भरतीची वेळ जागेगणिक बदलते. पोरीला सांगा, कमान बघायची तर आदल्या दिवशी गावात वेळ विचार आणि पायात मागून पट्टा असलेले सँडल घाल.

सोनटक्का

नाना, लगेच कळवते तिला. तुमचा पाय आता बरा आहे ना? दाखवलात का कुणाला?

नाना_गुहागर

चालतो मी रोज चार किलोमीटर. काळजी नसावी.

तगर

शंख-शिंपले! कुणी लिहिलंच नाही अजून. मुलीसाठी किनाऱ्यावरून एक पांढरा तुकडा उचलला होता, मेलेलं प्रवाळ. सुंदर होतं, मधमाशीच्या पोळ्यासारखं. परतताना विमानतळावर बॅग बाजूला काढली. सगळ्यांसमोर कपडे एकेक करून बाहेर. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, मेलेलंही नेता येत नाही. चूक माझीच होती, फलक जागोजागी लावलेले असतात. ते तपासणारे दादा शांतपणे म्हणाले, मॅडम, प्रत्येकानं एकेक नेला तर किनारा कशाचा उरेल. विमान सुटता सुटता मिळालं. मुलीला काय सांगायचं याचंच दुःख होतं. मग तिला तीच गोष्ट सांगितली. आता ती गणपतीपुळ्यालासुद्धा शिंपला उचलून बघते आणि परत ठेवते.

जास्वंदी

डबे गेले. हं, तर माझं बेटाचं नाहीच, पण बोट लागण्याचं आहे. मांडव्याला जाताना इतकी उलटी झाली की विचारू नका. तुम्ही लोक दोन-अडीच तास बोटीत कसे बसता?

रानमेवा

आलेपाकाच्या वड्या. बोट सुटायच्या आधी एक तोंडात टाकायची आणि पोट अगदी रिकामं नाही ठेवायचं. खिडकीतून लांब क्षितिजाकडे बघत राहायचं, फोनमधे अजिबात बघायचं नाही.

चैत्रपालवी

आलेपाकाचं प्रमाण द्या ना कुणीतरी. माझ्या वड्या कधी चिकट होतात, कधी भुगा.

रानमेवा

आल्याचा कीस १ वाटी, साखर २ वाट्या, दूध पाव वाटी. मंद आचेवर ढवळत राहा. कडेनं साखर सुकून पांढरी दिसायला लागली की लगेच उतरव. उतरवल्यावरही घोट, मग तूप लावलेल्या ताटात थाप. चिकट झाली म्हणजे आधी उतरवलीस, भुगा झाला म्हणजे उशीर.

दर्याकिनारी

मी मॉरिशसला कामासाठी गेले होते, शनिवार-रविवार एकटीच फिरायचं ठरवलं. बसमधे पिशवी विसरले. त्यात पासपोर्ट. उतरल्यावर कळलं, आणि त्याच संध्याकाळी वादळाचा इशारा. तिथं इशाऱ्याचे १ ते ४ वर्ग असतात, तिसरा लागला की बससेवा बंद. थांब्यावर रडत बसलेले. एका म्हाताऱ्या बाईंनी घरी नेलं. घरात देव्हारा, गणपती. मी मराठीत बोलले तर त्यांना कळेना, त्या क्रिओल बोलतात. पण दिवेलागणीला आरती सुरू केली तर अख्खी मराठीत, शेवटपर्यंत पाठ! त्यांचे पणजोबा रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यावर आलेले. मी टाळ्या वाजवत म्हणत होते आणि हुंदके थांबत नव्हते. दोघींना समजणारं तेवढंच मराठी.

रात्रभर पत्रे वाजत होते. दोन दिवसांनी त्यांच्या मुलानं बसच्या आगारातून पिशवी आणून दिली. पासपोर्ट होता.

नाना_गुहागर

@दर्याकिनारी गावाचं नाव सांगितलं का त्यांनी? रत्नागिरीकडचं कुठलं?

दर्याकिनारी

विचारलं नाना. त्यांना 'रत्नागिरी' एवढंच माहीत, तेही बोटीचं नाव असल्यासारखं म्हणत होत्या.

खाडीकाठ

लक्षद्वीपला एकट्यानं जाऊन आलंय का कुणी? परवाना लागतो एवढं माहीत आहे, एकट्या माणसाला देतात का?

तगर

परवाना हवाच. आम्ही ग्रुपनं गेलो होतो, कोचीहून जहाजानं. एकट्याचं विचारून सांगते, नणंद तिकडे होती.

जास्वंदी

सोनटक्का, त्या खानावळवाल्या बाईंचं पुढे काय झालं? परत गेलीस का कधी?

सोनटक्का

नाही गं. २०१९ला जाणार होते, आईचं आजारपण निघालं, मग करोना. भाचीजवळ त्या पोचपावतीची झेरॉक्स दिलीय. म्हटलं ३ नंबरच्या बाजारात दाखव, सही कुणीतरी ओळखेल.

आत्ताच तिचा मेसेज आला. पोचली. उद्या सकाळची बोट आहे, समुद्र शांत आहे म्हणाली. नानांचा निरोप दिलाय, पट्ट्याचे सँडल नेलेत तिनं. आलेपाकाचा डबा मात्र विमानातच शेजारच्या आजींबरोबर संपवला, आता बोटीसाठी काय खाऊ विचारतेय. @रानमेवा, तिथं नुसतं आलं मिळेल, मीठ लावून चघळलं तर चालेल का?

रानमेवा

चालेल. वर दोन थेंब लिंबू पिळ म्हणावं.