रुपयांची माळ आणि गेटवरचे रजिस्टर

ब-३०२: सर्वांना नमस्कार. आज दुपारी दागिन्यांना पॉलिश करून देणारे दोघे जण थेट तिसऱ्या मजल्यावर आले आणि सासूबाईंची रुपयांची माळ मोडीत द्या, वजनावर रोख देतो, असे म्हणत दारातून हलेनात. चांदीचे रुपये आणि लाल काचमणी रेशमात ओवलेली ती माळ त्यांच्या आईची आहे. असे लोक आत येतातच कसे, हे सचिवांनी कृपया सांगावे.

अ-१०१: गेटवर रजिस्टर ठेवण्याचा ठराव मागच्या सभेत झाला होता. ते रजिस्टर कुठे आहे?

ब-४०४: काकू, राग मानू नका, पण चांदीला एवढा भाव असताना कपाटात पडून राहणारी माळ मोडण्यात गैर काय आहे? तसेही कडी डाखलेल्या नाण्याला संग्राहक फारशी किंमत देत नाहीत.

क-२०१: भाऊ, ते खरे आहे, पण मोडीचा हिशेबही समजून घ्या. इंग्रजांच्या काळातला रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. राणीछापापासून १९३९ पर्यंतच्या रुपयात सुमारे ९२ टक्के चांदी आहे, १९४० पासून ती निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा आहे. सन न वाचता सगळी माळ एकाच भावाने तोलली, तर जुन्या रुपयांची चांदी पाण्यात जाते. आणि दारावरचे पॉलिश मुळीच नको, कारण त्यांच्या द्रावणात धातू उतरतो. सोन्याच्या पत्र्याचे, आत लाख भरलेले मणी असतील, तर उष्णतेने लाख सुटून तेही चेपतात.

अ-१०१: रजिस्टर कुठे आहे, याचे उत्तर अजून आलेले नाही.

सचिव: रजिस्टर वॉचमनकडेच आहे. त्या दोघांना वर सोडा असा फोन कोणी केला, हे ब-४०४ यांनी सांगितल्यास बरे होईल.

ब-४०४: बायकोच्या पैंजणांसाठी मी बोलावले होते, तिसऱ्या मजल्यावर ते स्वतःहून गेले. पार्किंगच्या वेळीही सगळे माझ्यावरच आले होते.

ब-३०२: कोणाला दोष देण्यासाठी मी लिहिले नाही. माळेचे रेशीम झिजले आहे आणि शेवटचे दोन रुपये लोंबत आहेत. ती पुन्हा गाठवायची कुठे, एवढेच सांगा.

क-२०१: काकू, इतवारीच्या सराफ्यात पटवेकऱ्याची चौकशी करा. नेण्यापूर्वी प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंनी फोटो घ्या, रुपये आणि मणी मोजून लिहून ठेवा आणि काम होईपर्यंत तिथेच बसा.

अ-१०१: रजिस्टरमधील आजच्या पानाचा फोटो सचिवांनी येथे टाकावा.

ब-४०४: काकू, शनिवारी आम्ही इतवारीला जात आहोत, पैंजणही तिथेच दाखवू. सासूबाईंनाही घेऊन चला, गाडीत जागा आहे.