सोसायटी ग्रुप, नेरूळ : रविवारचं बीपी

सेक्रेटरी, सी-101 (स. 8:10): काल क्लबहाउसमध्ये बीपी मोजायला 23 जण आले. त्यात 17 बायका. बाकीचे पुरुष कुठे होते? काल मॅचही नव्हती.

ए-304: आम्ही ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या ट्रॅकवर चालायला गेलो होतो साहेब.

बी-602 वहिनी: हो का? आमचे हे साडेनऊला उगवले, खिशात वडापावचा कागद.

ए-304: वहिनी, तो कागद माझा होता 😄

डी-203: टँकर आला का?

सेक्रेटरी: 11 ला येतोय. पाण्याचं मेंटेनन्स ग्रुपवर टाका हो.

सी-503: मला काल 164/102 दाखवलं. मशीन बिघडलंय. मला काही म्हणजे काही होत नाही.

ए-702 ताई: काका, मशीन चांगलं आहे. मी 31 वर्षं नर्स होते, तुमचं मोजणं चुकलं. गेटपासून तरातरा चालत आलात, लगेच पायावर पाय टाकून बसलात, पट्टा फुल शर्टाच्या बाहीवरून बांधला, हात खाली लोंबत होता. वर पार्किंगवरून भांडणही चालू होतं.

सी-503: भांडण त्यांनी काढलं.

ए-702 ताई: असेल. आज परत मोजा. आधी अर्धा तास चहा-सिगरेट नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर. मिनिटभराने दुसऱ्यांदा. सकाळ-संध्याकाळ सात दिवस लिहून ठेवा आणि कागद डॉक्टरांना दाखवा. घरी सरासरी 135/85 च्या वर असेल तर ते बीपीच. आणि काही होत नाही म्हणूनच मोजायचं, बीपी दुखत नाही.

सी-503 (स. 9:40): 148/94.

सी-503: म्हणजे मशीन थोडंच बिघडलंय.

बी-602 वहिनी: काका, तुमच्या डब्यात रोज लोणचं, पापड, नाहीतर खारवलेला बांगडा. जिन्यात वास येतो.

ए-702 ताई: दिवसाला मीठ 5 ग्रॅमच्या आत हवं, सगळं धरून एक छोटा चमचा. पापडातलंही त्यातच.

डी-401 वहिनी: मी कधी ग्रुपवर लिहीत नाही, आज लिहिते. मागच्या श्रावणात रात्री दीडला हे उठून बसले. पित्त झालंय म्हणाले. इनो झालं, ओवा झाला, मग म्हणे पाठ चोळ. एसी चालू आणि बनियन पिळून निघेल एवढा घाम. जबडा दुखतोय म्हणाले तेव्हा मला वाटलं दाढ असेल. यात तीन तास गेले. 108 लावू का विचारलं तर मीच गाडी काढतो म्हणाले. बेसमेंटमध्ये हातातून चावी पडली ती यांना उचलता येईना, तेव्हा मी वॉचमनला हाक मारली. पहिला ईसीजी ठीक आला होता. घरी चला म्हणत होते. दुसऱ्यात हार्ट अटॅक दिसला. एक स्टेंट. वय 46, सिगरेट नाही, दारू नाही. घरी आल्यावर गाडीच्या डॅशबोर्डमधून मला ऑफिसच्या कॅम्पचा रिपोर्ट मिळाला, दीड वर्षापूर्वीचा. एचबीए1सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, 6.9. पाकीट फोडलेलंच नव्हतं.

ए-304: 🙏

बी-602 वहिनी: बाई गं. सांगायचं नाही का तेव्हा? डबा तरी दिला असता.

ए-702 ताई: 6.5 ला मधुमेह धरतात. 5.7 ते 6.4 म्हणजे उंबरठ्यावर. आणि ईसीजी एकदा ठीक आला म्हणून उठून घरी यायचं नाही, डॉक्टर थांबा म्हणाले की थांबायचं.

ई-1104: ताई, मी 34 चा, जिमला जातो. 80 टेस्टचं पॅकेज करू का? ऑफर आहे.

ए-702 ताई: 80 कशाला? बीपी, उपाशीपोटी साखर, एचबीए1सी, लिपिड म्हणजे कोलेस्टेरॉल, किडनीसाठी क्रिएटिनिन, लघवी. पुढचं डॉक्टर सांगतील. आणि कमर टेपने मोज. 90 सेंमीच्या वर गेली असेल तर जिममध्ये नुसते दंड फुगवून भागणार नाही. पॅन्टचा नंबर सांगू नकोस, तुम्ही सगळे पॅन्ट पोटाखाली घालता.

बी-204: प्रोस्टेटची टेस्ट? रात्री तीनदा उठावं लागतं. वय 61.

ए-702 ताई: बरं केलंत इथे विचारलंत. वयाने ग्रंथी वाढते, बहुतेकदा कॅन्सर नसतो. पण यूरॉलॉजिस्टना दाखवा, पीएसए ही प्रोस्टेटची रक्ताची टेस्ट करायची का ते तेच ठरवतील. लघवीत रक्त दिसलं तर थांबू नका.

ए-702 ताई: तंबाखूचा मावा खाणाऱ्यांसाठीही सांगते. आरशासमोर टॉर्च धरून तोंड बघा. पांढरा-लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा उभी तीन बोटं तोंडात जात नसतील तर दाखवून घ्या. सोडायचं असेल तर 1800-11-2356, फोन फुकट आहे.

सेक्रेटरी: गुटख्याला 2012 पासून बंदी आहे. तरी बी विंगच्या गटाराच्या जाळीतून दर महिन्याला मूठभर पुड्या निघतात. नावं घेत नाही.

बी-204: बी विंगच का नेहमी?

सेक्रेटरी: रविवारी 7:30 ते 9 परत मोजणार. ज्वेलवाल्यांनी आधी इथे यायचं, वडापाव नंतर.

सी-503: मशीन माझ्याकडेच ठेवतो आठवडाभर. पण आता चालूच होत नाहीये. कोणाकडे पेन्सिल सेल आहेत का, चार लागतात.