मदत हवी आहे: सेकंड मेट ओरल्स – दिवे ओळखता येतात, पण 'मग आता काय करशील?' इथे गाडी अडते

देवगडचा_कॅडेट

नमस्कार मंडळी. सेकंड मेट एफ.जी.चे (परदेशगामी जहाजांवरच्या डेक अधिकाऱ्याच्या परीक्षेचे) लेखी पेपर सुटले आहेत, मुंबई एम.एम.डी.त (मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंटमध्ये) ओरल्स, म्हणजे तोंडी परीक्षा, पाच आठवड्यांवर आहेत. शेवटचं जहाज बल्क कॅरिअर. अडचणी नेमक्या सांगतो.

१. आर.ओ.आर.चे, म्हणजे समुद्रात टक्कर टाळण्याचे, नियम तोंडपाठ आहेत. समोर दिवे मांडले की जहाज कुठलं ते सांगता येतं. पण परीक्षकांनी 'ॲक्शन?' विचारलं की नियम १५ (आडवं येणारं जहाज), १७ (स्टँड-ऑन, म्हणजे ज्याला वाट मिळते त्या जहाजाची कृती) आणि १९ (कमी दृश्यमानता) यांची सरमिसळ होते.
२. एल.एस.ए.मधले (जीवरक्षक साधनांचे) आकडे लक्षात राहतात, पण 'का?' विचारलं की उत्तर नसतं.
३. शाळा मराठी माध्यमाची. इंग्रजीत नियम सांगताना शब्द इकडचे तिकडे होतात. त्याने खरंच फरक पडतो का?

ज्यांनी हे शिकवलंय किंवा नुकतं दिलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

वाऱ्याचा_रोख

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. फरक पडतो, आणि तो उच्चारांचा नाही. 'शॅल' आणि 'मे' या दोन शब्दांचा आहे. नियम १७ मराठीत मनाशी असा मांडा: कोर्स आणि स्पीड कायम ठेवलाच पाहिजे. समोरचा नियमाप्रमाणे हलत नाही असं दिसलं की स्वतः कृती करू शकतो. आणि इतके जवळ आलो की त्याच्या एकट्याच्या कृतीने टक्कर टळणार नाही, तेव्हा कृती केलीच पाहिजे. तीन पायऱ्या, तीन वेगळी क्रियापदं. परीक्षक नेमकं हेच तपासतात की दुसऱ्या पायरीवर तुम्ही 'शॅल' म्हणता का. तसंच 'कीप आउट ऑफ द वे' म्हणजे वाट सोडणं आणि 'नॉट इंपीड' म्हणजे आधीपासूनच त्याला पुरेशी जागा राहील असं वागणं. नियम १८ मध्ये ड्राफ्टमुळे (जहाज पाण्यात जितकं खोल असतं त्यामुळे) अडकलेल्या जहाजासाठी दुसरा शब्दप्रयोग आहे, पहिला नाही. तिथे बरेच जण घसरतात.

आता सरमिसळ. उत्तर देण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: ते जहाज मला डोळ्यांनी दिसतंय का? दिसत असेल तर नियम ११ ते १८. दृश्यमानता कमी आहे आणि फक्त रडारवर आहे, तर नियम १९. तिथे स्टँड-ऑन कुणी नाही, गिव्ह-वे (वाट सोडणारं) कुणी नाही. धुक्यात 'तो माझ्या पोर्टला (डावीकडे) आहे, मी स्टँड-ऑन' असं तोंडातून निघालं की ओरल तिथेच संपली म्हणून समजा.

नेहमीचा प्रश्न घेऊ. दाट धुकं, रडारवर स्टारबोर्ड बोच्या (उजव्या पुढच्या बाजूच्या) ३० अंशांवर इको (जहाजाचा ठिपका), अंतर ८ मैल, बेअरिंग (दिशा) स्थिर. उत्तर या क्रमाने द्या:

मास्टरना कळवतो, इंजिन तात्काळ मॅन्युव्हरसाठी तयार, वेग सेफ स्पीडवर, हँड स्टिअरिंग, जादा लुकआउट, नेव्हिगेशन दिवे चालू, फॉग सिग्नल सुरू. मी चालत असेन तर २ मिनिटांपेक्षा जास्त अंतर न ठेवता एक लांब भोंगा, म्हणजे ४ ते ६ सेकंदांचा. रडारवर प्लॉट करतो, सी.पी.ए. (सर्वात जवळ येण्याचं अंतर) आणि टी.सी.पी.ए. (त्याला उरलेला वेळ) काढतो. जवळून जाण्याची स्थिती निर्माण होतेय हे ठरलं की वेळेत स्टारबोर्डला वळतो, समोरच्याच्या रडारवरही उठून दिसेल इतकं मोठं. वळण्याआधी त्या बाजूला आणि मागे दुसरा इको नाही ना, ते पाहतो. इको मागे जाऊन पूर्ण मोकळा होईपर्यंत नजर ठेवतो.

पुढचा प्रश्न हमखास असतो: 'वळताना कुठला भोंगा?' इथे घाईत 'एक छोटा' म्हणू नका. नियम ३४ मधले वळणाचे भोंगे एकमेकांना दिसणाऱ्या जहाजांसाठी आहेत. धुक्यात दिसत नसेल तर फक्त नियम ३५ चा लांब भोंगा.

मग इको फिरवतात. बीमच्या (जहाजाच्या बरोबर आडव्या दिशेच्या) पुढे असेल आणि तुम्ही त्याला ओव्हरटेक करत नसाल, तर पोर्टला वळणं टाळायचं. बीमवर किंवा बीमच्या मागे असेल तर त्याच्याकडे वळणं टाळायचं. म्हणून स्टारबोर्ड क्वार्टरवरून (उजव्या मागच्या बाजूने) कुणी येत असेल तर स्टारबोर्डला वळणं चुकीचं ठरतं. 'धुक्यात नेहमी स्टारबोर्ड' हे अर्धवट पाठांतर फार जणांना महागात पडतं. आणि बीमच्या पुढून फॉग सिग्नल ऐकू आला, टक्करीचा धोका नाही हे ठरलेलं नसेल, तर वेग कोर्स सांभाळता येईल इतका कमीत कमी, गरज पडली तर जहाज थांबवायचं. हे न विचारताही सांगा.

खांदेरी

वरचं उत्तर उत्तम आहे. सरावाची एक पद्धत सांगते. काळा कार्डपेपर आणि बाजारात मिळणाऱ्या लाल, हिरव्या, पांढऱ्या, पिवळ्या टिकल्या आणा. कार्डावर दिव्यांची रचना चिकटवा, मागे काहीही लिहू नका. जोडीदाराने कार्ड दाखवायचं आणि तुम्ही पाच गोष्टी मोठ्याने बोलायच्या: काय दिसतंय, कुठलं जहाज, त्याची कुठली बाजू, दिवसा कुठला शेप, धुक्यात कुठला आवाज. सहावी गोष्ट म्हणजे ॲक्शन. मनातल्या मनात केलेला सराव इथे उपयोगाचा नाही. जिभेला वळण लागायला हवं.

निदान ही कार्डं ठेवा: लाल-लाल एन.यू.सी. (ताबा सुटलेलं जहाज), लाल-पांढरा-लाल आर.ए.एम. (कामामुळे हालचाल मर्यादित असलेलं), तीन लाल सी.बी.डी. (ड्राफ्टमुळे अडकलेलं), हिरवा-पांढरा ट्रॉलर, लाल-पांढरा बाकीची मासेमारी, पांढरा-लाल पायलट, तीन हिरवे सुरुंग काढणारं जहाज (त्याच्या १००० मीटरच्या आत जायचं नाही).

सगळ्यात जास्त चूक मास्टहेडच्या (डोलकाठीवरच्या, पुढून दिसणाऱ्या पांढऱ्या) दिव्यात होते. आर.ए.एम. जहाज पाण्यातून चालत असेल तर मास्टहेड, साइडलाइट (बाजूचे लाल-हिरवे) आणि स्टर्नलाइट (मागचा पांढरा) लावतं. एन.यू.सी. चालत असेल तरी मास्टहेड लावत नाही, फक्त साइड आणि स्टर्न. ट्रॉल सोडून इतर मासेमारीतही मास्टहेड नसतो. त्या जहाजाचं जाळं आडवं १५० मीटरपेक्षा लांब पसरलं असेल तर त्या दिशेला आणखी एक पांढरा दिवा, दिवसा टोक वर असलेला शंकू. मुंबईबाहेर हंगामात जाळी असतातच, त्यामुळे 'हा बाजूचा पांढरा कशाला?' हे इथल्या परीक्षेत सहज विचारलं जाईल असं धरून चला.

देवगडचा_कॅडेट

खूप आभार. दोन मास्टहेड आणि एक लाल साइडलाइट दिसला तर 'पॉवर-ड्रिव्हन, ५० मीटरपेक्षा मोठं, पोर्ट साइड दिसतेय' हे बरोबर ना?

वाऱ्याचा_रोख

एक शब्द वाढवा: 'बहुधा ५० मीटर किंवा जास्त'. दुसरा मास्टहेड ५० मीटरपासून सक्तीचा आहे, पण लहान जहाजानेही लावला तर चालतो. एकच दिसला तर मात्र ५० पेक्षा कमी. आणि 'अंडरवे' (नांगरलेलं किंवा बांधलेलं नाही) म्हणायला विसरू नका.

तिसरा_शॅकल

दुसऱ्या प्रश्नाबद्दल, म्हणजे एल.एस.ए.बद्दल: आकड्यामागचं कारण लाइफराफ्टवर (फुगणाऱ्या बचाव-तराफ्यावर) सर्वात छान कळतं, म्हणून तेवढंच नीट घेतो.

डेकवरचा राफ्ट डोळ्यांसमोर आणा. कॅनिस्टरवरून (राफ्टच्या डब्यावरून) लॅशिंगचा (बांधणीचा) पट्टा येतो आणि स्लिप हुकला अडकतो. स्लिप हुक एच.आर.यू.च्या (पाण्याच्या दाबाने राफ्ट सोडणाऱ्या यंत्रणेच्या) जाड पांढऱ्या दोरीच्या वरच्या टोकाला. पांढऱ्या दोरीचं खालचं टोक शॅकलने डेकच्या पक्क्या कड्याला. कॅनिस्टरमधून बाहेर येणारा पेंटर (राफ्टची दोरी) मात्र लाल वीक लिंकला (मुद्दाम कमजोर ठेवलेल्या दुव्याला), आणि वीक लिंक त्या पक्क्या कड्याला.

जहाज बुडतं. ४ मीटर खोलीच्या आत पाण्याच्या दाबाने एच.आर.यू.मधलं पातं पांढरी दोरी कापतं. पट्टा सुटतो, कॅनिस्टर वर तरंगतो. जहाज खाली जात राहतं, तसा पेंटर बाहेर ओढला जातो. पूर्ण ताणला की गॅसची बाटली उघडते आणि राफ्ट फुगतो. आता फुगलेला राफ्ट वर आणि जहाज खाली, मध्ये वीक लिंक. ती २.२ किलोन्यूटनच्या आसपास, ०.४ इकडे तिकडे, तुटते. राफ्ट मोकळा. आकडा असा का? पेंटर ओढून राफ्ट फुगवायला लागणाऱ्या जोरात तुटू नये आणि राफ्ट जहाजाबरोबर खाली ओढला जाण्याआधी नक्की तुटावी, म्हणून.

यावर परीक्षक मोडकी जोडणी विचारतात. पेंटर थेट पक्क्या कड्याला बांधला तर? राफ्ट फुगेल आणि जहाजाबरोबर जाईल. पेंटर पांढऱ्या दोरीलाच अडकवला तर? पातं दोरी कापेल, पेंटरला धरायला काहीच उरणार नाही, कॅनिस्टर न फुगता तरंगत राहील. स्लिप हुकच्या जागी शॅकल घट्ट केला तर? हाताने राफ्ट सोडता येणार नाही. ही तीन उत्तरं आली की तुम्ही राफ्टजवळ उभं राहून पाहिलंय हे त्यांना कळतं. एकदाच वापरायच्या एच.आर.यू.वर बसवल्यापासून २ वर्षांची मुदत महिना-वर्षासह खूण करायची असते. राफ्टची सर्व्हिस १२ महिन्यांनी.

बाकी आकडे जोडीने पाठ करा. रॉकेट पॅराशूट ३०० मीटर उंच, ४० सेकंद. हँड फ्लेअर १ मिनिट. तरंगता धूर ३ मिनिटं, पण मॅन ओव्हरबोर्ड लाइफबॉयचा धूर १५ मिनिटं. हे दोन धूर एकमेकांत मिसळू देऊ नका. पाणी लाइफबोटीत माणशी ३ लिटर, राफ्टमध्ये दीड.

खांदेरी

मॅन ओव्हरबोर्डही तयार ठेवा. पहिली कृती: माणूस पडला त्या बाजूला हार्ड ओव्हर (चाक पूर्ण वळवणं), म्हणजे स्टर्न (मागचा भाग) आणि प्रोपेलर त्याच्यापासून दूर जातात. सोबत लाइफबॉय सोडणं, जी.पी.एस.वर एम.ओ.बी. दाबणं, तीन लांब भोंगे, मास्टर, इंजिन रूम, नजर न हटवणारा लुकआउट, फ्लॅग 'ओ'. विल्यमसन टर्न (आलेल्याच मार्गावर माघारी येण्याचं वळण) विचारला तर: ६० अंश वळल्यावर चाक विरुद्ध बाजूला हार्ड ओव्हर, उलट्या हेडिंगला २० अंश उरले की मिडशिप (चाक सरळ). दुसऱ्या वेळी त्याच बाजूला चाक ठेवलं तर तो विल्यमसन राहत नाही.

देवगडचा_कॅडेट

राफ्टचं चित्र आता डोळ्यांसमोर आलं. फंक्शन २ (माल हाताळणी) मध्ये एफ.डब्ल्यू.ए.चं (गोड्या पाण्यात जहाज किती जास्त बुडतं त्याचं) गणित तोंडी विचारतात का? आणि सेक्स्टंट (सूर्य-ताऱ्यांचे कोन मोजायचं उपकरण) समोर ठेवला तर सुरुवात कुठून?

तिसरा_शॅकल

सेक्स्टंट: उचलताना फ्रेम धरा, इंडेक्स बार किंवा आर्क नाही. मग तपासणीचा क्रम बदलू नका. आधी पर्पेंडिक्युलॅरिटी (इंडेक्स मिरर फ्रेमला काटकोनात आहे का): बार आर्कच्या मध्यावर, सेक्स्टंट आडवा, आर्क तुमच्यापासून दूर, इंडेक्स मिररमध्ये तिरकं पाहा. खरा आर्क आणि प्रतिबिंब एका रेषेत हवेत. नसतील तर त्याच आरशामागचा स्क्रू. मग साइड एरर (हॉरिझन मिरर काटकोनात नसणं), शेवटी इंडेक्स एरर (शून्यावर दोन्ही आरसे समांतर नसणं). आधी शेवटचा काढला तर पुढचे स्क्रू फिरवताना तो पुन्हा बिघडतो. सूर्यावर इंडेक्स एरर काढला तर ऑन आणि ऑफ (शून्याच्या दोन्ही बाजूंच्या) रीडिंगच्या बेरजेचा चौथा भाग आल्मनॅकमधल्या सेमी डायमीटरशी (सूर्याच्या अर्ध्या व्यासाशी) जुळतो का ते सांगा. निरीक्षण बरोबर झाल्याचा तो पुरावा.

एफ.डब्ल्यू.ए. विचारतात, सोप्या आकड्यांत. समर डिस्प्लेसमेंट (समर मार्क, म्हणजे उन्हाळी भार-रेषेपर्यंत भरलेल्या जहाजाचं वजन) २०,००० टन, टी.पी.सी. (एक सेंटिमीटर बुडायला लागणारे टन) २५. डिस्प्लेसमेंट भागिले चारपट टी.पी.सी.: २०,००० ÷ १०० = २०० मिलिमीटर. डॉकच्या पाण्याची घनता १.०१० असेल (समुद्राच्या १.०२५ पेक्षा १५ ने कमी, गोडं पाणी २५ ने कमी) तर २०० × १५ ÷ २५ = १२० मिलिमीटर, इतकी समर मार्क बुडाली तरी समुद्रात गेल्यावर जहाज मार्कवर येईल. उत्तर सेंटिमीटरमध्ये सांगून दहापट चूक करणारे खूप असतात, म्हणून एकक आधी बोला. घनतेचा नमुना कुठून घेणार, असं विचारलं तर: जहाजाच्या समुद्राकडच्या बाजूने, ओव्हरबोर्ड डिस्चार्जपासून दूर. बादली आधी दोनदा त्याच पाण्याने विसळून घ्यायची आणि हायड्रोमीटर सोडण्याआधी तो पुसून, हलकेच फिरवून हवेचे बुडबुडे झटकायचे.