काउझची शर्यत: तुम्ही परत परत का जाता?

ऑगस्ट आला की इंग्लंडच्या दक्षिणेला, वाइट बेटावरच्या काउझ गावात शिडाच्या होड्यांच्या शर्यती भरतात. १८२६ पासून. महायुद्धांत बंद होत्या, २०२० मध्येही झाल्या नाहीत. मी दरवेळी 'आता बास' म्हणून परततो आणि जुलैत पुन्हा साउथॅम्प्टनहून बोटीची तिकिटं शोधतो. तुमचं काय? लिहा मंडळी.

*

पहिल्या वर्षी मला वाटलं, शर्यत मोडली. वारा पडलेला, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर होड्या, आणि एकेक चक्क मागे चाललेली! शेजारच्या आजी थर्मासमधला चहा ओतत म्हणाल्या, "त्या निळ्या होडीकडे बघ." ती जागची हलत नव्हती आणि तरी पुढे निघाली होती. तिने गुपचूप नांगर टाकला होता, बाकीच्यांना पाण्याची ओढ मागे नेत होती. तेव्हापासून मी शिडं नंतर बघते, आधी पाणी.

*

वरच्या ताई, नांगर सोडायचा तो आवाज न करता, नाहीतर बाकीचेही शहाणे होतात! मी तीन वर्षं ओळखीच्या एकाच्या होडीवर होतो. काम काय? वजन. होडी कलली की वरच्या काठावर पाय बाहेर सोडून बसायचं, वळली की आडव्या वाशाखालून वाकून दुसऱ्या काठावर पळायचं. किनाऱ्यालगत प्रवाह मंद असतो, म्हणून सगळे खडकांना चिकटून जातात. त्यात उजवीकडून वारा घेणाऱ्याला वाट द्यायचा नियम, त्यामुळे सारखं "स्टारबर्ड!" (म्हणजे उजवी बाजू) कानावर. एकदा ब्रॅम्बल बँक नावाच्या, भरतीत बुडणाऱ्या रेतीच्या पट्ट्यावर रुतलो. मोठ्या ओहोटीला वर्षातून एकदा तिथे क्रिकेट खेळतात, असं मी कप्तानाला सांगितलं. तो भरती येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

*

मला नाही बुवा आवडत. गर्दी, पाऊस, खोली मिळायची मारामार. शर्यत सुटते तिथल्या किनाऱ्यावरच्या किल्ल्यासमोरच्या पितळी तोफांच्या इशाऱ्याच्या बाराला आमचं बाळ दचकून उठलं, पाच मिनिटांनी सुरुवातीच्या बाराला पुन्हा. होड्यांचे गट कितीतरी, म्हणजे बारही तेवढेच. नवरा मात्र दरवर्षी जातो. एकटा.

*

मला ओढतात त्या एक्स वन डिझाइन होड्या. लाकडी, तिघांनी हाकायच्या, १९११ पासून पाण्यात. काही तर शंभरी ओलांडलेल्या. सगळ्या एकाच घाटाच्या, त्यामुळे हरलो तर होडीला बोल लावता येत नाही. माझे आजोबा रत्नागिरीला मचव्यावर होते, पण मी पन्नाशी उलटेपर्यंत शिडाच्या दोराला हात लावला नव्हता. अजूनही शीड फडफडलं की तोंडातून "ओढ, ओढ!" निघतं. आमच्या सुकाणूवरच्या इंग्रजाला एवढं मराठी आता कळतं. गेल्या वर्षी शेवटून चौथे आलो. यंदा नांगराचा दोर लांब घेतलाय.